जावयाला न सांगायची गोष्ट

जावयाच्या पायांवर डोकं टेकवायला वाकलेल्या कालिंदीबाई परत सरळ झाल्याच नाहीत.

विनायक पाटावर उभा होता. हातात तांब्याचं ताट, ताटात तेहतीस अनारसे, मधोमध तुपाचा दिवा. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, हा सासूबाईंचा ठाम समज. त्या विष्णूला वाण द्यायला त्या मिरजेहून निघून दोन रात्री आगगाडीत काढून कलकत्त्याला आल्या होत्या. बंगाल्यांच्या तांदळावर भरवसा नव्हता म्हणून अनारशाचं पीठही डब्यात घालून आणलं होतं. हावड्याला हमालाच्या डोक्यावरची ट्रंक कलंडली तेव्हा ती सावरायला त्याच पुढे धावल्या, आणि काल चार तास शेगडीपुढे बसून तळण केलं. आता त्या विष्णूच्या पायांशी दुमडून राहिल्या होत्या, एक हात फरशीवर, दुसरा कमरेवर. विष्णूला आधी ताट कुठे ठेवावं तेच सुचेना.

"आई, काय झालं?" सुनीती धावत आली.

उसण भरली असेल, असं सासूबाई दातांवर दात ठेवून म्हणाल्या. इकडे कोणी पायाळू, पायांकडून जन्मलेलं माणूस मिळेल का, पायानं नुसतं शिवलं तरी उतरते, असंही त्यांनी विचारलं. सुनीतीला अशा वेळीही हसू आलं. घरात कण्याचा अमेरिकेत शिकलेला जाणकार उभा आणि आईला पायाळू हवा.

विनायक परचुरे जन्माने कलकत्तेकर. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत हिशेबनीस होते, आणि मुलानेही तिथेच चिकटावं एवढीच त्यांची इच्छा होती. मुलगा मात्र अमेरिकेला जाऊन चार वर्षं कायरोप्रॅक्टिक शिकून आला. हा शब्द नातेवाइकांत कोणालाही धड उच्चारता येत नव्हता, त्यामुळे तो सगळ्यांना थोडक्यात समजावून सांगे. कणा म्हणजे एकावर एक बसलेले मणके, त्यांच्यामधून शिरा निघून हातापायांत जातात. एखादा सांधा अडकला की तिथे दुखतं, आखडतं, कधी दुखणं दुसरीकडेही उतरतं. तो सांधा बोटांनी चाचपून शोधायचा आणि नेमक्या दिशेने नेमका झटका द्यायचा, गोळी नाही की सुई नाही. कट्ट असा आवाज होतो आणि बऱ्याच वेळा माणूस उठून बसतो. मान धरलेले डलहौसीच्या कचेऱ्यांतले टायपिस्ट, दिवसभर उभं राहून कंबर गेलेले ट्रामचे कंडक्टर, मानेतून डोकं दुखणाऱ्या शाळामास्तरणी असे सगळे भवानीपूरच्या त्याच्या तळमजल्यावरच्या दवाखान्यात येत. त्याच्याबरोबर शिकलेले काही जण या झटक्याने दमाही जातो न् मधुमेहही जातो असं छातीठोकपणे सांगत. विनायकला ते साफ नामंजूर होतं. पाठ, मान आणि मानेतून चढणारं डोकं, एवढंच आपलं, असं तो म्हणे.

शहरातल्या डॉक्टरांना तेवढंही मान्य नव्हतं. डॉक्टर सान्याल म्हणून नावाजलेले सर्जन होते, त्यांनी एका समारंभात चारचौघांत सांगितलं होतं की परचुरेबाबू मालिश फार छान करतात. लोक हसले होते. विनायकही हसला होता आणि घरी येऊन जेवला नव्हता.

तर सासूबाईंना दोघांनी मिळून खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून जिन्याने खाली दवाखान्यात आणली. तीन दिवस पाऊस कोसळत होता. रस्त्यावरचं पाणी उंबऱ्याशी येऊन टेकलं होतं, त्यामुळे पेशंट कोणी येणार नव्हतंच. टेबलावर पालथं निजायला सासूबाई काही केल्या तयार होईनात. जावयासमोर पालथं! शेवटी अंगावर शाल पांघरून, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून त्या निजल्या. डोक्यावरचा पदर तेवढ्यातही त्यांनी सारखा केला.

विनायकने रबरी हातोडी घेतली. गुडघ्यावर ठोकली, पाय उडाला. टाचेच्या वरच्या शिरेवर ठोकली, डावा पाय ढिम्म. उजवा थोडासा हलला, हलला की नाही अशी शंका यावी इतका. अंगठा वर उचला म्हटल्यावर डावा अंगठा अर्ध्यातच थकला. आणि खाली आणताना सुनीतीने त्यांच्या पायांत चपला सरकवल्या होत्या, त्यातली डावी जिन्यात पडली होती, ती पडल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. हे त्याला आत्ता आठवलं.

साधी उसण एका पायापुरती उतरते. दोन्ही पायांत काहीतरी चाललं असेल, तर मणक्यांमधली चकती सरकून खालच्या सगळ्या शिरांच्या जुडग्यावर बसलेली असू शकते. तसं असेल तर झटका म्हणजे सर्वनाश. मग काम चाकूचं, तेही तासांच्या हिशेबात, नाहीतर पाय जातात, आणि लघवी-परसाकडचा ताबा कायमचा जातो. तसं आहे की नाही हे सांगणारा एकच प्रश्न असतो. तो प्रश्न अमेरिकेत पहिल्याच वर्षी घोकून घेतात. पण अमेरिकेत घोकून घेताना समोर सासू नसते.

"आई," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "लघवीला नीट होतं आहे ना?"

सासूबाईंनी शाल गळ्यापर्यंत ओढली. मग भिंतीकडच्या तोंडातून उत्तर आलं की सगळं नीट आहे. बसायच्या जागी बधिर वाटतं का, हे विचारताना त्याचेच कान तापले. नाही म्हणाल्या, आणि पदर आणखी पुढे ओढला.

त्याने सुनीतीला डोळ्यांनी खुणावलं आणि तो बाहेर ओसरीत जाऊन उभा राहिला. आत मायलेकींची कुजबुज झाली. सुनीती बाहेर आली ती थोडी वैतागूनच. सगळं नीट आहे म्हणते, आणि जावयांना असलं काही विचारायला लावू नकोस म्हणून मलाच रागावली, असं तिने सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, सगळ्या कलकत्त्याच्या कमरा तुम्ही सरळ करता. माझ्या आईच्या वेळेलाच एवढे प्रश्न का?"

तो आत गेला. सासूबाईंच्या उशाशी सुनीतीने तांब्या-भांडं ठेवलं होतं, ते भरलेलं तसंच होतं. सकाळचा चहाही त्यांनी घेतला नव्हता, अधिकाचा उपास आहे म्हणाल्या होत्या. पण उपासाला चहा चालतो, काल दुपारी तर त्या दोन कप प्यायल्या होत्या. की रात्रीपासून तहान मारून बसल्या आहेत? आणि मारत असतील तर का?

"द्या हो तो झटका एकदा, विनायकराव," सासूबाई म्हणाल्या. "मी काही ओरडायची नाही. सुनीतीनं पत्रात सगळं लिहिलंय तुमचं."

त्याने एक तळहात त्यांच्या खांद्यावर ठेवला, दुसरा कमरेवर. ही पकड त्याने हजार वेळा घेतली होती. बोटांखाली कंबर लाकडासारखी घट्ट होती. सुनीती दारात उभी राहून बघत होती. जरा वजन पुढे टाकलं की झालं असतं, आणि कदाचित सासूबाई उठूनही बसल्या असत्या, कारण कदाचित ती खरंच साधी उसण असेल, टाचेची उडी या वयात अनेकांची जाते. दोघी खरंच सांगत असतील. कपाळावरून घाम निघून त्याच्या भुवईवर थांबला.

त्याने हात काढून घेतले.

कोपऱ्यातलं स्टूल ओढून तो टेबलाच्या पलीकडे, भिंत आणि टेबल यांच्या फटीत, सासूबाईंच्या तोंडासमोर जाऊन बसला. इतक्या जवळून त्याने त्यांचा चेहरा लग्नातही पाहिला नव्हता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आई, मी एक सांगतो. हे सुनीतीलाही ठाऊक नाही," तो म्हणाला. "ऐकून तुम्हाला माझी लाज वाटली तर वाटू दे."

आणि त्याने निताई पालांची गोष्ट सांगितली. सियालदहच्या बाजारात पानाची आडत होती त्यांची. तीन वर्षांपूर्वी कंबर धरून आले, सोबत सून आली होती, कारण मुलगा गावाला गेला होता. विनायकने त्यांना हाच प्रश्न सुनेच्या देखत विचारला. पालबाबू म्हणाले, ठीक आहे. ते सुनेकडे न बघता म्हणाले, हे विनायकला दिसलं होतं. दिसूनही त्याने तिला बाहेर जायला सांगितलं नाही, कारण बाहेर आणखी सहा जण खोळंबले होते. त्याने झटका दिला. रात्रीतून दोन्ही पाय गेले. ऑपरेशन झालं, पण उशिरा. पालबाबू आता काठीवर चालतात आणि त्यांना नळी लावलेली असते, ती मांडीला बांधून ते धोतराखाली लपवतात. माझ्या झटक्याने झालं की होणारच होतं, ते कोणी सांगू शकत नाही, विनायक म्हणाला. पण आदल्या दिवसापासून त्यांना लघवी झाली नव्हती. सुनेसमोर कसं सांगायचं, म्हणून ते गप्प बसले.

"त्यांनी नंतर मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "ते म्हणाले, परचुरेबाबू, तुम्ही तरी काय करणार, मीच बोललो नाही. ते ऐकल्यापासून मी त्या रस्त्याने जात नाही. मी भित्रा आहे, आई. आता मला तुमची भीती वाटते आहे."

दारात सुनीतीने चौकट धरली होती. निताई पाल आता का येत नाहीत, असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा त्याने बरे झाले असं सांगितलं होतं. तो तिच्याकडे बघू शकला नाही.

सासूबाईंच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नाकावरून उशीवर उतरलं. त्या गप्प राहिल्या तर काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काल दुपारपासून झाली नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "रात्री तीनदा जाऊन बसले. आणि खाली काही कळतच नाही हो, विनायकराव. पाटावर बसले की पाट आहे की नाही ते कळत नाही. देवाचं काम पार पडू दे, मग बघू, म्हटलं."

पुढचं सगळं धावपळीत गेलं. घरातला फोन पावसाने मेलेला होता. समोरच्या औषधांच्या दुकानातला जिवंत निघाला. गुडघाभर पाण्यातून तिथे जाऊन विनायकने सान्यालांचाच नंबर फिरवला, कारण मणक्याच्या ऑपरेशनला त्यांच्याइतका हात दुसऱ्या कोणाचा नाही, हे तोही जाणून होता. अभिमान वगैरे त्या पाण्यात केव्हाच भिजून गेला होता. लक्षणं ऐकल्यावर सान्यालांनी थंडपणे विचारलं, "तुम्ही काय केलंत तिला?"

"काही नाही. हात लावून काढून घेतला."

"मग तुम्हाला हे कळलं कसं?"

"विचारलं," विनायक म्हणाला.

मग सान्याल म्हणाले, ताबडतोब आणा, मी थिएटर अडवून ठेवतो.

आणायचं कसं, हा प्रश्न होता. टॅक्सी त्या पाण्यात येईना. रिक्षात बसवायचं तर सासूबाईंना आता बसवतही नव्हतं. शेवटी बाजाराच्या कोपऱ्यावरून एक ठेलेवाला मिळाला, त्याच्या लांबलचक हातगाडीवर गादी, गादीवर मेणकापड, त्यावर सासूबाई. सुनीती छत्री धरून एका बाजूला, विनायक मागून गाडी लोटतो आहे, धोतर कमरेला खोचलेलं, कपाळावर सकाळच्या पूजेचं गंध अजून तसंच. खड्डा आला की तो ओरडून ठेलेवाल्याला थांबवी आणि दोघं मिळून चाक अलगद उतरवत. प्रत्येक हिसक्याला त्याला वाटे, संपलं. सासूबाई आभाळाकडे बघत होत्या. एकदा त्या म्हणाल्या की जावयाला गाडी लोटायला लावली, कुठे फेडेन हे पाप. त्याला धाप लागली होती, तो लोटतच राहिला. हॉस्पिटल दोन मैलांवर होतं आणि त्याला पावणेदोन तास लागले.

सान्यालांनी तपासलं, नळी घातली, पिशवी बघता बघता भरली. पाठीत औषध टोचून एक्स-रे काढल्यावर चकती जिथे असेल असं विनायकला वाटलं होतं, तिथेच निघाली. संध्याकाळी सहाला त्यांना आत नेलं. आत जाण्याआधी सान्याल विनायकजवळ थांबले. पाय बहुतेक वाचतील, म्हणाले, लघवीचं मी आज सांगू शकत नाही. नळी काढू त्या दिवशी कळेल. न झाली तर जन्मभर नळी.

बाकावर दोघं बसली. सुनीती कितीतरी वेळ आपल्या ओल्या पदराला पीळ देत होती. तिला आईचा राग आला होता, नवऱ्याचा आला होता आणि आपला सगळ्यांत जास्त, कारण सकाळी तीच म्हणाली होती, एवढे प्रश्न का.

"मला का नाही सांगितलंत? पालबाबूंचं?"

"आईंनी तुला का नाही सांगितलं?"

थोड्या वेळाने तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दार उघडेपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन पार पडलं. चौथ्या दिवशी डावा अंगठा पुरता वर उचलला गेला. सहाव्या दिवशी सासूबाईंना चिमटा कळायला लागला, आधी मांडीला, मग हळूहळू वर. पण नळी होती, आणि त्या तिच्यावर चादर ओढून ठेवत. विनायक भेटायला आला की दोघंही हवापाण्याबद्दल बोलत. मिरजेला पाऊस कसा असेल, यावर त्यांचं इतकं बोलणं उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी आठला नळी काढली. दुपारी चारपर्यंत झाली नाही तर परत घालायची, असं सान्यालांनी बजावलं. सुनीती सकाळपासून बसून होती. नर्स दर तासाला येऊन बघे आणि मान हलवून जाई. दहा वाजले, बारा वाजले. सासूबाई पाणी प्यायल्या, पुन्हा प्यायल्या. विनायकने दवाखाना बंद ठेवला आणि दोन वाजता तो येऊन बसला. या वेळी कोणीच हवापाण्याबद्दल बोललं नाही. तीन वाजता सुनीती शहाळं आणायला खाली गेली, कारण नुसतं बसून राहणं तिला सोसेना.

तो खिडकीशी उभा होता. पालबाबू त्याला स्पष्ट दिसत होते, धोतर सावरत बसलेले. साडेतीन वाजून गेले. मागून सासूबाईंची हाक आली. त्याने वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता.

"नर्सला बोलवा," त्या म्हणाल्या.

नर्स आली, पडदा ओढला. विनायक पडद्याबाहेर उभा राहिला. आत भांड्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी बंगालीत आपल्या मुलाला आंबट वरणाबद्दल काहीतरी सांगत होती. त्या म्हातारीने गप्प बसावं असं विनायकला इतक्या तीव्रतेने वाटलं की त्याची त्यालाच शरम वाटली. तो डोळे मिटून उभा राहिला. मिनिटं किती गेली, कोण जाणे.

"विनायकराव," पडद्याआडून आवाज आला. चांगला खणखणीत. "झाली हो. लघवी झाली."

विनायक तिथेच खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. नर्सने पडदा सारला, खाली बसलेल्या जावयाकडे पाहिलं आणि बंगालीत विचारलं की आजी एवढ्या मोठ्याने काय म्हणाल्या. पंचवीस खाटांच्या त्या वॉर्डात मराठी कळणारं माणूस तो एकटाच होता, आणि त्या ते त्यालाच सांगत होत्या.